हिंगोलीची छावणी आणि सुरक्षा परिषदेतील ‘हैदराबाद प्रश्न’

हिंगोली : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन दरवर्षी १७ सप्टेंबरला होते. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, रझाकारांच्या अत्याचारांचे स्मरण होते. मात्र त्याच्या आदल्याच दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये भरलेल्या सुरक्षा परिषदेने हैदराबादची भारताविरुद्धची तक्रार विषयपत्रिकेवर घेतली होती, याचा उल्लेख भाषणांत सहसा येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांना मात्र हे प्रकरण अनोळखी नाही. ‘राज्य’ कशाला म्हणावे, हा या विषयातील पहिला धडा तेथे प्रत्यक्षात तपासला जात होता.

या वादाचे एक मूळ हिंगोलीच्याच मातीत आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील आणि निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची येथे छावणी होती. या फौजेचा खर्च थकला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पैनगंगेच्या अलीकडे निजामी अंमल आणि पलीकडे इंग्रजी, अशी स्थिती आली. पुढे १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा लिहून घेण्यात आला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी बरोबरीच्या नात्याने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ च्या पत्रात स्पष्ट बजावले, की हिंदुस्थानात ब्रिटिश सम्राटाची सत्ता सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने बोलता येणार नाही.

हे अधिराज्य १९४७ च्या हिंदुस्थान स्वातंत्र्य कायद्याने संपुष्टात आले. ते भारत सरकारकडे वर्ग झाले नाही. अधिराज्य गेले म्हणजे मूळचे सार्वभौमत्व परत आले, हा निजामाचा युक्तिवाद. तो आज वाटतो तितका पोकळ नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ३५ व्या कलमानुसार सदस्य नसलेले राज्यही सुरक्षा परिषदेकडे वाद नेऊ शकते. त्याच आधारे ऑगस्ट १९४८ मध्ये तक्रार दाखल झाली. भारताचे म्हणणे उलट होते. हैदराबाद कधीच स्वतंत्र राज्य नव्हते, परराष्ट्र व्यवहार त्याच्या हाती नव्हते, सबब हा देशांतर्गत प्रश्न आहे, अशी भूमिका ए. रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचला. हैदराबादला तो दोन राज्यांमधील तह वाटत होता, तर भारताला जुन्याच व्यवस्थेची मुदतवाढ.

निजामाची खरी दुबळी बाजू वेगळीच होती. ही तक्रार शासकाची होती, प्रजेची नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेस विलीनीकरण मागत होती, आणि स्वयंनिर्णयाचे तत्त्व सनदेच्या पहिल्याच कलमात आहे.

१३ सप्टेंबरला सुरू झालेल्या लष्करी मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले, तेही विचारपूर्वक. युद्ध म्हटले असते तर समोर दुसरे राज्य आहे, हे मान्य करावे लागले असते. या शब्दाची दुसरी बाजूही आहे. कारवाईनंतर मराठवाड्यासह संस्थानात झालेल्या मुस्लिमांच्या हत्यांची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. तिचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

निजामाने २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतल्याची तार केली. मे १९४९ मध्ये पुन्हा चर्चा झाली, निर्णय झाला नाही.

न्यायालयात मात्र हैदराबाद आणखी ७० वर्षे जिवंत राहिले. शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, निजाम सरकारच्या लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेतील खात्यातून दहा लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुला यांच्या नावे वळविण्यात आले. निजामाने ते परत मागितले, पण परकीय सार्वभौम राष्ट्राला न्यायालयात खेचता येत नाही, या तत्त्वावर ब्रिटिश उमराव सभेने १९५७ मध्ये दावा थांबविला. राष्ट्रांना सरसकट असे संरक्षण असावे काय, अशी शंका त्याच निकालपत्रात लॉर्ड डेनिंग यांनी उपस्थित केली. सहकाऱ्यांनी त्यांना साथ दिली नाही. पुढे मात्र कायदा त्याच दिशेने वळला आणि व्यापारी व्यवहारांत राष्ट्रांना असे संरक्षण मिळेनासे झाले.

कोंडी फुटली ती पाकिस्ताननेच २०१३ मध्ये स्वतः दावा दाखल केल्यामुळे. दावा लावताच त्याचे संरक्षण गळून पडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी ही रक्कम सातव्या निजामाचीच असल्याचा निर्वाळा दिला आणि त्यांच्या वतीने दावा सांगणाऱ्या भारत सरकार व निजामाच्या दोन नातवांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत ती व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.