'चालतंय ना?'

परवा परसातल्या खोलीत वीज न्यायची ठरली. घरापासून अंतर ४० मीटर. वायरमन आला आणि दीड एमएमची साधी वायर आंब्याच्या फांदीवरून ओढायला निघाला. म्हणाला, "सर, सगळीकडे अशीच असते. चालतंय ना?"

या 'चालतंय ना'वरच माझा राग आहे. मी बी. ए., जन्मभर मराठी शिकवलं. पण हिशोब मलाही येतो. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळजवळ एक ओहम. खोलीतली पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना क्षणभर ३० अँपिअर सहज खेचते. म्हणजे ३० व्होल्ट वाटेतच गळाले! मोटर नुसती गुरगुरते, तापते, एक दिवस जळते. आणि शिव्या खातो मोटरवाला. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर हीच गळती ११ व्होल्टांवर येते.

शिवाय फांदीवरची वायर घासते, उन्हात तडकते. पावसात त्याच झाडाखालून कामाच्या मावशी अनवाणी जातात. वाचवलेल्या पैशांत त्यांचा जीव धरलाय का कुणी?

मी आर्मर्ड केबलच घ्यायला लावली. पाऊण मीटर खोल चर, वर वाळू आणि विटा, नीट अर्थिंग, घराकडच्या टोकाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. खर्च वाढला, वायरमन रुसला. रुसू दे!

'चालतंय' म्हणजे अजून कुणाला काही झालेलं नाही, एवढंच. तुमच्या परसातली वायर आज एकदा बघून या.