तळाचा रस्सा

हिमोग्लोबिन आठ निघालं. "पालेभाज्या, कडधान्यं खा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला हसू आलं. मेथी, मटकी रोज मीच शिजवते. माझ्या ताटात येतो तळाचा रस्सा आणि सकाळची भाकरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये २५ टक्के. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण चूल एकच असते, वाढण्याचा क्रम मात्र ठरलेला. शिबिरांत हे सांगणारी मी घरी शेवटीच जेवत होते! आता आधी पाचही ताटं वाढतो, मग सगळे एकदम बसतो. मुलगा कुरकुरला. कुरकुरू दे. लोहाच्या गोळ्या मी घेतेच आहे. पण मैत्रिणींनो, पातेल्यातली वाटणी गोळीनं बदलत नाही.