विज्ञानशिक्षकांची मंडळे आणि वर्गातील भाषा

शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांविषयी भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी विचार करावा, ही सूचना प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि आपल्या भाषांना नवे अर्थ पेलावयास लावण्याचे काम आज प्रत्यही कोठे होत असेल तर ते शाळेच्या वर्गात होते, आणि ते करणारा मनुष्य बहुधा एकटा असतो. या एकटेपणाविषयी येथे लिहावयाचे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. बल लावून वस्तूचे विस्थापन झाले तरच 'कार्य' घडले, असे पाठ्यपुस्तक सांगते. डोक्यावर ओझे घेऊन एका जागी उभा असलेला हमाल त्या ओझ्यावर काहीच कार्य करीत नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. भौतिकीच्या दृष्टीने तो बिनचूक आहे. परंतु कोलकात्याच्या बडाबाजारात ज्याचा बाप ओझी वाहतो, त्या मुलाला हे वाक्य कसे ऐकू येत असेल? तो शिक्षकाला काही विचारणार नाही. परीक्षेपुरते वाक्य पाठ करील आणि विज्ञान आपल्या जगाविषयी बोलत नाही, अशी खूणगाठ मनाशी बांधील. मराठीत 'काम' आणि 'कार्य' यांत थोडे अंतर आहे. चतुर शिक्षक त्याचा उपयोग करून घेतो. (अर्थात 'कार्य' म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाचा मांडव उभा राहतो, अशीही मुले असतातच.) बंगालीत वस्तुमान म्हणजे 'भर' आणि वजन म्हणजे 'भार', सारा फरक एका कान्याचा. बंगाली शिक्षक उष्णतेला 'ताप' म्हणतो. मराठी मुलाला तोच शब्द ऐकून अंथरूण आठवते. अशा अडचणी परिभाषाकोशात सुटत नाहीत. त्या शिक्षकाला वर्गात भेटतात, तो त्यांतून कसाबसा मार्ग काढतो, आणि तो मार्ग त्याच्या निवृत्तीबरोबर नाहीसा होतो. शेजारच्या शाळेतील शिक्षक याच जागी अडला होता, हे त्याला कधी कळतही नाही.

विज्ञान मातृभाषेत आणण्याचा प्रश्न या शहराला नवा नाही. सत्येंद्रनाथ बसू यांनी जानेवारी 1948 मध्ये कलकत्त्यात वंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि 'ज्ञान ओ विज्ञान' हे मासिक सुरू झाले. बंगालीत विज्ञान लिहिता येत नाही, या आक्षेपाला परिषदेने 1963 साली कृतीने उत्तर दिले. मासिकाच्या राजशेखर बसू विशेषांकात केवळ मूळ संशोधनपर निबंध छापले गेले, आणि तेही बंगालीत. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद 1966 मध्ये निघाली. या दोन्ही संस्थांचे ऋण मोठे आहे. पण येथे एक भेद करावयास हवा. विज्ञानप्रसाराची दिशा स्वभावतः शास्त्रज्ञाकडून लोकांकडे असते. त्यात शाळाशिक्षकाला स्थान मिळते ते प्रामुख्याने वाचकाचे. ज्याने रोज पाच तास ती भाषा मुलांच्या कानावर घालून पाहिली, त्याची साक्ष क्वचितच कोणी नोंदवून घेतो.

ती नोंदवून घेणारा एक प्रयोग आपल्या देशात झाला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आजचे नर्मदापुरम्) 1972 साली किशोर भारती आणि मित्रमंडल केंद्र, रसूलिया या दोन संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू केले. 1978 मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला, आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. त्याची कीर्ती झाली ती 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांमुळे आणि पुस्तक जवळ ठेवून द्यावयाच्या परीक्षेमुळे. माझ्या मते त्याचा खरा कणा शिक्षकांची मासिक गोष्ठी हा होता. परिसरातील शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, पुढील प्रकरणात काय अडेल, याची चर्चा करीत. प्रयोग स्वतः करून पाहत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक या कार्यक्रमात शिक्षकांसमवेत बसत असत. वर्गात न चाललेला मजकूर पुढील आवृत्तीत बदलला जाई. पारिभाषिक संज्ञा आधी आणि अनुभव मागाहून, हा आपल्या पुस्तकांचा नेहमीचा क्रम तेथे उलटला गेला. त्यामागे या बैठकांतील शिक्षकांचे बोलणे होते. पाठ्यपुस्तकाच्या गद्याला वर्गातून उत्तर मिळते आणि ते गद्य त्याप्रमाणे बदलते, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकाला नगण्य वाटू नये.

राज्य शासनाने 2002 साली हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या कारणांचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. गोष्ठी शासकीय मान्यतेवर उभी होती. मान्यता गेल्यावर ती टिकणे कठीण होते. टिकले ते लेखन: पुस्तके, नियतकालिके, मुलांच्या प्रश्नांची टाचणे. 'एकलव्य'च्या 'संदर्भ'च्या धर्तीवर पुण्याहून मराठी 'शैक्षणिक संदर्भ' निघू लागले, हेही त्याच बीजाचे फळ.

आज शासनालाही शिक्षकाचे एकटेपण दिसू लागले आहे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात समूह साधन केंद्रे झाली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासंकुलांची कल्पना पुन्हा मांडली आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचे व्यावसायिक शिक्षण सुचविले. हेतू चांगला आहे. मला भीती वाटते ती तासांची. तास मोजता येतात, म्हणून तेच मोजले जातील. वरून आलेले परिपत्रक वाचून दाखवून सह्या घेतल्या, की बैठक झाली, असे समजण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. आपला पाठ कोठे फसला हे शिक्षकाने सहकाऱ्यांसमोर सांगावयाचे, तर पर्यवेक्षक त्या खोलीत नसलेला बरा.

मग ती खोली कोणाची? माझी सूचना अशी की विद्यापीठांच्या भाषाविभागांनी ती द्यावी. कोलकात्यात बंगाली, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांचे विज्ञानशिक्षक महिन्यातून एकदा, एखाद्या शनिवारी दुपारी, एकत्र येऊ शकतील. पंधरावीस जण पुरेत. त्यांत भाषेचा एक अभ्यासक असावा, आणि त्याने बोलू नये, लिहावे. कोणता शब्द कोणत्या मुलाने कसा समजून घेतला, शिक्षकाने त्याऐवजी कोणता वापरला, इतकेच टिपावे. आपण बोलींची टिपणे करतो, लोकगीते मिळवितो. हीही तशीच सामग्री आहे, फक्त ती अजून कोणी मागितलेली नाही.

राहता राहिला प्रश्न नोंदवही कोणत्या भाषेत ठेवावी याचा. सोयीसाठी ती इंग्रजीत ठेवली जाईल, आणि 'भर', 'वस्तुमान' हे शब्द एका इंग्रजी शब्दात विरून जातील. तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर ज्या भाषेत पाठ दिला गेला त्याच भाषेत टिपण असावे. त्याचे शेजारच्या भाषेत भाषांतर करण्याचे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे पहिल्याच बैठकीपासून सोपविता येईल.