संसार सांभाळून शिकायचंय, पण काय आणि कुठे?



नेरूळच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ३६, शिक्षण बी.कॉम. मुलगी होण्यापूर्वी महापे इथल्या एका कंपनीत सहा वर्षं हजेरी आणि पगारपत्रकांचं काम केलेलं. आता मुलगी आठवीत गेली आहे, घरात थोडी उसंत आहे आणि 'आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापन' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं असं त्यांच्या मनात आहे. एका संस्थेनं सांगितलंय, जागा थोड्याच उरल्या आहेत, शनिवारपर्यंत पन्नास हजार भरा. यजमान म्हणतात, तुझं तू ठरव. सासूबाई म्हणतात, या वयात एवढे पैसे घालून मिळणार काय? "ताई, भरू का पैसे?"

शनिवारपर्यंत तर मुळीच भरू नका. घाई करणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे आपण साडीच्या दुकानातसुद्धा पाळतो, मग इथे का नको? पण सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण शांतपणे शोधू या, कारण असं पत्र लिहिण्याचं मनात असणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणी असतील.

आधी हा विषय काय ते पाहू. कारखान्यातल्या माणसांची काळजी घेण्याचं शिक्षण आपल्याकडे नवीन नाही. १९३६ साली मुंबईत नागपाड्याला टाटांच्या देणगीतून समाजकार्याची एक शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५४ पासून ती देवनारला आहे, म्हणजे वाशीहून लोकलनं दुसरंच स्टेशन, गोवंडी. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असं १९४८ च्या कारखाना कायद्यानं सांगितलं, आणि असे अधिकारी या संस्थेतून शिकून बाहेर पडू लागले. पुढे त्या कामाचं नाव 'पर्सोनेल' झालं, मग 'एच.आर.' झालं. कंपन्या देशाबाहेर गेल्या तसा त्याला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द जोडला गेला.

यात शिकवतात काय? माणूस परदेशी पाठवायचा तर कुणाला निवडायचं, जाण्याआधी त्याची तयारी कशी करायची, पगार कुठल्या चलनात आणि किती द्यायचा, कर कुठे भरायचा. भविष्य निर्वाह निधीचंच बघा. बेल्जियम, जर्मनी अशा काही देशांशी भारताचे करार आहेत. तिथे पाठवलेल्या माणसानं इथल्या पी.एफ. कार्यालयातून दाखला नेला की ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याला तिथली वर्गणी भरावी लागत नाही. हा दाखला वेळेवर काढणारं कुणीतरी ऑफिसात असावं लागतं. जिनं सहा वर्षं पगारपत्रकं केली, तिला हे काम परकं वाटणार नाही.

आणि आता खास आपल्यासाठी एक गोष्ट. परदेशी पाठवलेली माणसं मुदतीआधीच का परत येतात, असा प्रश्न रोझली टंग या अभ्यासक बाईंनी मोठमोठ्या कंपन्यांना विचारला. त्यांचं हे काम १९८१-८२ च्या सुमारास प्रसिद्ध झालं. अमेरिकन कंपन्यांनी दिलेलं पहिलं कारण कोणतं असेल? माणसाला काम येत नव्हतं, हे कारण यादीत अगदी खाली होतं. पहिलं कारण होतं, त्याच्या जोडीदाराला, म्हणजे त्या काळी बहुधा बायकोला, नव्या जागी रुळता आलं नाही. नवरा ऑफिसात जायचा, तिथे त्याला चार माणसं भेटायची. ती मात्र परक्या गावात, परक्या भाषेत, दार लावून एकटी. कंपनीनं तिच्याशी आधी दोन शब्द बोलण्याचीही तसदी घेतलेली नसायची.

वाचून हसू आलं ना? लग्न होऊन दुसऱ्या घरात जाणं, तिथल्या रीती उमजून घेणं, नवऱ्याच्या बदलीबरोबर बिऱ्हाड हलवणं, मुलांची शाळा मध्येच बदलणं, नव्या चाळीत नाहीतर सोसायटीत पहिली ओळख करून घेणं, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो. या अनुभवाला पदवी मिळत नाही हे खरं, पण या विषयाचा तो पाया आहे. वर्गात बावीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसताना संकोच वाटला, तर एवढं आठवा.

नवी मुंबईत हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. शेजारच्या उरणमध्ये न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं. तिथली मालाची टर्मिनल्स चालवण्यात दुबईच्या, सिंगापूरच्या, डेन्मार्कच्या कंपन्या आल्या. मग प्रश्न उभा राहतो, की वरच्या जागेवर माणूस तिकडचा आणायचा, इथला घ्यायचा, की तिसऱ्याच देशातला? या परिसरातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. अशा गावातल्या मुलाला नोकरी देताना कंपनीनं काय पाहावं, हे परदेशातून आलेल्या साहेबाला कोण समजावणार? भाषा आणि माणसं दोन्ही ओळखणारं कुणीतरी हवंच.

आता पैसे कुठे भरायचे ते. आपल्याकडे 'आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ' ही बहुतेक ठिकाणी वेगळी पदवी नसते. एम.बी.ए. ला मनुष्यबळ हा खास विषय घेतला, की दुसऱ्या वर्षात त्याची एक प्रश्नपत्रिका असते. म्हणून जाहिरातीतल्या 'इंटरनॅशनल' या शब्दाला भुलू नका. नेरूळला एस.आय.ई.एस. आणि डी. वाय. पाटील, बेलापूरला भारती विद्यापीठ, अशा व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था घराजवळ आहेत. कुठल्याही संस्थेत गेलात की चार प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं लेखी मागा.

पहिला प्रश्न, शेवटी हातात पडेल ती पदवी की पदविका? आणि ती देणार कोण? पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्यानं तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. पदविका असेल तर तिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का?

दुसरा, घरबसल्या शिकायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का? असेल तर काळजी नको. अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. १९८५ साली स्थापन झालेलं इग्नू मनुष्यबळाचा अभ्यासक्रम याच पद्धतीनं शिकवतं.

तिसरा, प्रवेश कसा होतो? महाराष्ट्रात एम.बी.ए. साठी राज्याची सी.ई.टी. असते. तिला वयाची अट नाही, पण पदवीला खुल्या वर्गात पन्नास टक्के गुण लागतात. तेव्हा जुनी गुणपत्रिका आधी शोधून ठेवा.

चौथा, मध्येच सोडावं लागलं तर भरलेल्या पैशांचं काय? या प्रश्नाला जिथे तोंडी उत्तर मिळेल, तिथून उठून या.

परदेशी विद्यापीठांचीही चर्चा आहे. नवी मुंबईत विमानतळाजवळ शिक्षणनगरी उभारायची म्हणून जून २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क, पश्चिम ऑस्ट्रेलिया अशा पाच परदेशी संस्थांना आशयपत्रं दिली गेली. पण आशयपत्र म्हणजे वर्ग नव्हे. कुणी त्यांचं नाव सांगून पैसे मागितले, तर अभ्यासक्रम खरोखर सुरू आहे का, हे त्या विद्यापीठालाच विचारा. इंग्लंडला जाऊन वर्षभरात हाच विषय शिकता येतो खरा, पण तिथला एक नियम ध्यानात ठेवा. जानेवारी २०२४ पासून अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला नवरा आणि मुलं बरोबर नेता येत नाहीत. आठवीतल्या मुलीच्या आईनं हे आधीच पाहिलेलं बरं.

पैशांसाठी अंगावरचं सोनं मोडू नका. मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाला बँक शैक्षणिक कर्ज देते. हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, हे यजमानांनाही दाखवा.

आणि मिळणार काय? खरं सांगायचं तर पदवी हाती आली की लगेच परदेशी बदल्यांचं खातं कुणी सोपवत नाही. मधल्या वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं जाईल. सुरुवात बहुधा भरती किंवा पगाराच्या कामापासूनच होईल, कदाचित तुमच्याहून लहान मुलीच्या हाताखाली. हे मनाला चालणार असेल तरच उडी घ्या. एकदा आत शिरलात, की ऐरोली-महाप्यात परदेशाशी काम असणारी ऑफिसं आहेत, आणि खाडीपलीकडची मुंबई तर आहेच.

शेवटचं सांगणं घरातलं. "मी शिकू का?" असं विचारू नका. त्याऐवजी एका कागदावर आठवड्याचं वेळापत्रक मांडा. अभ्यास पहाटे पाच ते साडेसहा. मंगळवार-गुरुवारचा रात्रीचा स्वयंपाक यजमानांकडे. दळण आणि भाजी मुलीकडे. परीक्षेच्या महिन्यात पाहुणे नकोत. सासूबाईंना काय जमेल ते त्यांनाच विचारा, त्यांच्यावर लादू नका. मग तो कागद स्वयंपाकघराच्या दारावर लावा आणि दोन महिने, एक पैसाही न भरता, सी.ई.टी.चा अभ्यास करून पाहा. कागद दारावर टिकला, तर फी भरायला हरकत नाही.

तुमची,
ताई