तडा गेलेली अंडी

जूनमधला पहिला मोठा पाऊस. माथेरानच्या डोंगरावरून सर उतरली की नेरळात वीज जातेच, तशी ती त्या संध्याकाळीही गेली होती. अंधारात खुराड्याकडून कोंबडीचा आरडाओरडा ऐकू आला. मी टॉर्च घेऊन धावले, तोवर मुंगूस आपले काम उरकून पळाले होते. अम्मींची ठिपक्यांची गावरान कोंबडी सहा दिवसांपासून बारा अंड्यांवर रवणीला बसली होती. ती मेली. चार अंडी फुटली. आठ उरली, पण त्यांतल्या काहींना तडे गेले होते.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी मानमोडीत त्यांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या, तेव्हा ही एकटी वाचली होती. तिची आजी-पणजी अम्मींनी खालापूरकडच्या माहेरून पाटीत घालून आणलेली. अंड्यांचे पैसे अम्मींच्या बटव्यात जात आणि त्या पैशांचा हिशेब आमच्या घरात कोणी विचारत नसे. आता तो वंश त्या आठ अंड्यांत उरला होता.

"टाकून दे बेटा, थंड पडली ती," अम्मी म्हणाल्या. आवाजावरून कळत होते, की त्यांना टाकायची नव्हती.

मला शाळेतल्या कपाटातला खोका आठवला. मागे विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, थर्मोस्टॅट आणि जुन्या संगणकाचा पंखा बसवून उबवणी यंत्र केले होते. आमचे हे पावसात जाऊन ते घेऊन आले. तोवर अंडी लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवली. सुरुवातीच्या दिवसांत काही तास गारवा लागला तरी आतला जीव लगेच जातोच असे नाही.

आता निवड करायची होती. अंधाऱ्या खोलीत एकेका अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च लावला. एक अंडे नुसते पिवळट उजळले. आत काही धरलेच नव्हते. उरलेल्या सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. त्या सातांपैकी तीन तडकलेली होती.

तडा आणि तडा यांत फरक असतो. कवचाच्या आत पातळ पापुद्रा असतो. तो शाबूत असेल तर आशा असते. आमच्या पहिल्या अंड्यावर केसासारखी रेघ होती. दुसऱ्याला टोच बसून चांदणीसारखी खोक पडली होती, पण ते ओले नव्हते. तिसऱ्याचा पापुद्रा फाटून बलक पाझरत होता. त्यातही शिरा दिसत होत्या. मुलगी म्हणाली, "ते जिवंत आहे, अम्मी!" होय, जिवंत होते. पण पाझरणाऱ्या अंड्यात जंतू शिरतात, ते उबेत सडते, कधी फुटते आणि शेजारची चांगली अंडीही नासवते. मी ते शेवग्याखाली पुरले. मुलगी त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

राहिलेल्या दोन अंड्यांच्या तड्यावर मेणबत्तीचे मेण जरा निववून बारीक पट्टीसारखे लावले. बारीकच लावायचे, कारण कवचाला हजारो छिद्रे असतात आणि पिलू त्यांतून श्वास घेते. सगळे अंडे माखले तर ते गुदमरेल. अंडी पाण्याने धुतली नाहीत. कवचावरचे नैसर्गिक आवरण धुतले जाते आणि जंतूंना वाट मिळते.

सहा अंडी खोक्यात गेली. पंखा असलेल्या यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअस लागतात. वाटीभर पाणी ठेवून आर्द्रता 50 ते 55 टक्के राखली. अंडी फिरवायचे काम अम्मींनी घेतले. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल असे पेन्सिलने काढून दिले. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा अशा पाचही वेळा नमाज झाली की अम्मी अंडी उलटत. पाच हा आकडा विषम असल्याने रात्रीची लांब वेळ रोज वेगळ्या बाजूवर जाते. घड्याळाची गरजच पडली नाही.

दहाव्या दिवशी चार तास वीज नव्हती. खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून वर गोधडी टाकली. बसल्या बसल्या मी अम्मींना मिसरच्या मातीच्या भट्ट्यांबद्दल सांगितले. तिथे हजारो अंडी एकदम उबवत. सुमारे 1200 साली बगदादच्या अब्दुल लतीफ यांनी त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथले कारागीर अंडे पापणीला लावून ऊब ओळखत. अम्मींनी लगेच एक अंडे पापणीला लावले आणि म्हणाल्या, "अजून ऊब आहे."

चौदाव्या दिवशी चांदणीचे अंडे शांत झाले. त्यातला हवेचा कप्पा फार मोठा दिसत होता. मेण लावूनही पाणी जास्त उडाले होते. ते काढले. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवले आणि आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर नेली.

एकविसाव्या दिवशी तीन धड अंड्यांतून पिले निघाली. चौथे उघडलेच नाही. रेघेच्या अंड्याला संध्याकाळी टोच दिसली आणि पुढे काही हालेना. मुलगी नखाने कवच सोलायला निघाली. मी हात धरला. टोच पडल्यावर चोवीस तासही लागू शकतात. त्या वेळात शिरांतले रक्त आणि पिवळा बलक पिलू आत ओढून घेते. आधी सोलले तर रक्तस्राव होऊन मरते. फजरला अम्मींनी हाक मारली. ओले, ठिपक्यांचे पिलू खोक्यात पडले होते.

असा प्रसंग आला तर एवढे लक्षात ठेवा. रेघ वाचू शकते, खोक क्वचित वाचते आणि पाझरणारे वाचत नाही. वास येणारे किंवा घामेजलेले अंडे ताबडतोब बाहेर काढा आणि हात साबणाने धुवा. कर्जत लोकलच्या गर्दीतून हिंदकळत आणलेली अंडी टोकदार बाजू खाली ठेवून चोवीस तास निवांत राहू द्या, मगच यंत्रात ठेवा. कवचच पातळ येत असेल तर कोंबडीला शिंपल्यांचा चुरा द्या.

सातव्या दिवशी चारही पिलांना मानमोडीवरची लासोटा लस दिली. खुराड्याला आता बारीक जाळी बसवली आहे. तिचे पैसे अम्मींनी बटव्यातून काढून दिले आणि म्हणाल्या, "हे मात्र वहीत लिही."