नेट गेलं, मोबाईलवर 5जी सुरू, पण पीसी ठप्प : बॅकअपसाठी वायफाय अडॅप्टर घेताना नेमकं काय बघायचं?

प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख, संध्याकाळचे सहा वाजलेत आणि गल्लीत जेसीबीने फायबर तोडलं. ऑपरेटर म्हणतो, 'उद्या सकाळी बघतो.' खिशातल्या मोबाईलवर 5जी फुल आहे, पण टेबलावरच्या पीसीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

हे एखाद्याच गल्लीचं रडगाणं नाही. खोदकामात केबल तुटून देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, असं खुद्द केंद्र सरकारचं म्हणणं आहे. खोदण्याआधी केबलच्या मालकांना कळवता यावं म्हणून मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आलं. तरी रस्ते खोदले जातात, केबल तुटतात आणि बॅकअपची सोय शेवटी ज्याची त्यालाच करावी लागते.

लॅपटॉपला ही अडचण येत नाही, कारण त्यात वायफाय आधीपासूनच असतं. डेस्कटॉपच्या बऱ्याच मदरबोर्डवर मात फक्त लॅनचं पोर्ट असतं. म्हणून लोक वायफाय अडॅप्टर शोधायला लागतात आणि पहिला गोंधळ तिथेच होतो.

वायफाय अडॅप्टर म्हणजे पूर्वीचं सिमकार्डवालं डोंगल नव्हे. तो स्वतः नेट देत नाही, फक्त आसपासचं वायफाय पकडतो. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटमधून किंवा दुसऱ्या कनेक्शनमधून यावं लागतं.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. वर्षातून दोनदाच नेट जात असेल, तर अडॅप्टर घ्यायचीच गरज नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या डेटा केबलने पीसीला जोडायचा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करायचं. विंडोज त्याला लॅनसारखंच धरतं. खर्च शून्य, वर फोन चार्जही होतो. आयफोन असेल तर विंडोजवर ॲपलचं सॉफ्टवेअर आधी टाकून ठेवावं लागतं, एवढाच फरक.

मग अडॅप्टर कुणाला हवा? ज्यांच्याकडे आठवड्याला नेट जातं, ज्यांना फोन केबलला बांधून ठेवणं परवडत नाही किंवा ज्यांना शेजाऱ्याचं वायफाय अडीनडीला वापरता येतं, त्यांना.

तो घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलायचं कारण नाही. 'एसी 600' म्हणजे 600 एमबीपीएस मिळणार असं नाही. ती दोन बँडची बेरीज असते, 2.4 गिगाहर्ट्झवर 150 आणि 5 गिगाहर्ट्झवर 433, आणि तीही कागदावरची. बघायचं ते एकच, अडॅप्टर ड्युअल बँड आहे का? सगळ्यात स्वस्त, नखाएवढे अडॅप्टर अनेकदा फक्त 2.4 वर चालतात. बिल्डिंगमध्ये वीस राऊटर त्याच बँडवर असतील, तर हॉटस्पॉट शेजारी असूनही व्हिडिओ कॉल अडकतो.

वायफाय 6ई आणि वायफाय 7 चे महागडे अडॅप्टर बॅकअपसाठी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. बॅकअपचा वेग मोबाईल टॉवर ठरवतो, अडॅप्टर नाही. शिवाय त्यांची खासियत असलेला 6 गिगाहर्ट्झ बँड विंडोज 10 वर चालतच नाही. भारतात तर हा बँड परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदाच मे 2025 मध्ये आला.

अडॅप्टर कुठे लावता, यानेही फरक पडतो. कॅबिनेटच्या मागे, भिंतीला लागून लावला तर पत्र्यामुळे सिग्नल अडतो. शेजारच्या यूएसबी 3 पोर्टवर हार्डडिस्क चालू असेल तर तिचा आवाज 2.4 गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये मिसळतो. इंटेलने 2012 मध्येच हे दाखवून दिलंय. उपाय साधा आहे. छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन अडॅप्टर टेबलावर आणायचा. पीसीआयई कार्ड जास्त दणकट असतं, पण त्यासाठी कॅबिनेट उघडावं लागतं. बॅकअपपुरतं यूएसबी पुरेसं आहे.

खरी फजिती ड्रायव्हरवरून होते. नेट गेल्यावर अडॅप्टर खोक्यातून काढला, तर तो ड्रायव्हर मागतो, ड्रायव्हर नेटवर असतो आणि नेट तर नाहीये. सोबत सीडी आली तरी आजच्या पीसीला सीडी ड्राइव्ह कुठे असतो? त्यामुळे अडॅप्टर आणल्या दिवशीच लावून, हॉटस्पॉट जोडून बघायला हवा. लिनक्स वापरणाऱ्यांनी तर चिपचं नाव तपासूनच पैसे द्यावेत.

प्रत्यक्ष नेट जातं तेव्हा आणखी एक गंमत होते. फायबर तुटलेलं असतं, पण घरातला राऊटर चालूच असतो. पीसीला वाटतं लॅन सुरू आहे, म्हणून तो तिकडेच चिकटून बसतो आणि वायफाय जोडूनही पेज उघडत नाही. अशा वेळी लॅनची वायर सरळ उपसून काढायची.

हॉटस्पॉटला विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवणंही गरजेचं आहे. व्हिडिओ कॉल तासाला साधारण 1 जीबी खातो. ज्यांच्या प्लॅनमध्ये दिवसाला दीड-दोन जीबीच डेटा आहे, त्यांचा उरलेला डेटा विंडोज अपडेट गुपचूप संपवून टाकतं.

घरचं फायबर आणि मोबाईलचं सिम एकाच कंपनीचं असेल, तर मात्र हा सगळा खटाटोप ऐनवेळी फसू शकतो. 17 सप्टेंबर 2024 ला मुंबईत जिओची सेवा कोलमडली, तेव्हा मोबाईलसोबत फायबरच्याही तक्रारी आल्या होत्या. अडॅप्टरवर हजार रुपये जास्त घालवण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं सिम फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून चालू ठेवलेलं बरं. त्या कंपनीची रेंज मात्र पीसी ठेवलेल्या खोलीत येते का, हे रिचार्ज मारण्याआधी बघावं.