मुद्दल राखून केलेला विस्तार

व्यापारी घराण्यांत एक जुना दंडक आहे : नवा धंदा अवश्य काढावा, परंतु मूळ भांडवलास धक्का लागू देऊ नये. हा दंडक कलेलाही लागू पडतो, हे त्रिलोक गुर्टू या तालवादकाच्या कारकीर्दीवरून दिसून येते.

त्रिलोक यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. मातोश्री शोभा गुर्टू या ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्या मूळच्या बेळगावच्या. २००२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आजी मेनकाबाई शिरोडकर यांना उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम लाभली होती. अशा घरात त्रिलोक यांनी शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबल्याचे रीतसर शिक्षण घेतले. मग सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले आणि जॅझ व फंक या अमेरिकी संगीतप्रकारांशी त्यांनी तबल्याचे नाते जोडले.

त्यांनी पाश्चात्त्यांची नक्कल केली नाही. तिकडचा ड्रमवादक उंच आसनावर बसून मोठा ढोल पायाने वाजवितो. त्रिलोक यांनी जमिनीलगत बैठक घेतली आणि तबल्याचे बोल ड्रमवर उतरविले. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा नाद वाकविण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत त्यांनी जगभर साथ केली. १९८८ साली स्वतःची ‘उस्फ्रेट’ ही ध्वनिमुद्रिका काढताना मात्र त्यांनी मातोश्रींचाच स्वर सोबत घेतला.

असाच मिलाफ कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरही घडला. तेथे १८४५ पासून भारतीय मजूर कराराने नेले गेले. त्यांच्यासोबत ढोलकही पोहोचला. चालू घडामोडींवर मार्मिक टिप्पणी करणारे ‘कॅलिप्सो’ हे तेथील आफ्रिकी वंशीयांचे गाणे. भारतीय वस्तीच्या शेजारात वाढलेल्या लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाने सत्तरच्या दशकात त्यात ढोलकाची साथ आणली. त्यावर टीका झाली. तेव्हा त्याने वाद्य बाजूला ठेवून ढोलकाचा ठेका ड्रम व गिटारवर चढविला, आणि ‘सोका’ हा नवा प्रकार रूढ झाला.

दोन्ही ठिकाणी वाद्य बदलले, पण ठेका टिकला. कारण तो हातात पुरता मुरलेला होता. घरातील मुलगा तबला सोडून ड्रम मागू लागला की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. त्या वेळी वाद्य देशी की विदेशी, हा प्रश्न गौण मानावा. आजवरच्या रियाजाची शिल्लक किती, हे आधी पाहावे. ती पुरेशी असेल तर नव्या वाटेची धास्ती नको. ती नसेल तर केवळ तबल्याचा आग्रह धरूनही परंपरा टिकणार नाही.